तिसऱ्यावर हात

पावती अजून पाकिटात आहे, चार घड्यांची:
गिअरबॉक्स, संपूर्ण दुरुस्ती. अठरा हजार चारशे क्रोनर.
'संपूर्ण'खाली स्तेलानने दोन रेघा ओढल्यात,
जणू माझ्या वाचण्यातून सुटलं असतं.

सहासष्टची व्होल्व्हो अ‍ॅमेझॉन, फिकी निळी,
दारांखाली गंजाने कुरतडलेली.
गॅरेजमधून निघाले तेव्हा पहिला पडला, दुसरा पडला,
तिसराही पडला गुमान.
मग बंदराच्या उतारावर, चर्चच्या वळणाआधी,
अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला मात्र,
टक्.
दांडा न्यूट्रलमध्ये येऊन उभा
आणि गाडी निघाली खाली
दोर तुटलेल्या बादलीसारखी.

एकतीस वर्षं मी हार्नोसांदमध्ये बस चालवली,
काळ्या बर्फावर, शाळेची पोरं भरून.
न विचारता असं कोणी सोडून गेलं नव्हतं मला,
निदान गिअरने तरी.

फोन केला. स्तेलान म्हणाला,
"म्हातारी गाडी आहे, गुनव्होर. म्हाताऱ्यांना खोडी असतात."
मी चौऱ्याहत्तरची. फोन ठेवला.

भाची उल्रिका जहाजावर इंजिनं बघते.
दोघींनी मिळून तो उतरवला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेतला,
खाली वर्तमानपत्रं, कोपऱ्यात कॉफी.
कव्हर काढलं तर
कागदी गॅस्केटच्या जागी सिलिकॉन,
बोटाने थापलेलं, कडेने ओघळलेलं,
लहान मुलाने केकवर क्रीम लावावं तसं.
सिंक्रोची पितळी कडी जुनीच, दात झिजलेले,
फक्त घासूनपुसून चकचकीत.
एका स्प्रिंगची जागा रिकामी.
नवा होता तो एक बोल्ट, त्याच्याही डोक्यावर हातोड्याचा घाव.
"पाट्या टाकल्यात नुसत्या," उल्रिका म्हणाली.

मी ऐकत नव्हते.
बेअरिंगपाशी एक चकती होती, पातळ पत्र्याची,
कडेला अर्धा मासा छापलेला.
हेरिंगच्या डब्याचं झाकण.

हिल्डिंग.
एकोणऐंशीचा नाताळ, दुकानं बंद,
आणि सकाळी उमेओला पोचायचं होतं आईकडे.
कात्रीने कापली, घासली, मोजली,
पुन्हा घासली, पुन्हा मोजली,
रात्री दोनला हात पुसत म्हणाला,
"तात्पुरतं आहे हं. सुट्टी संपली की नीट करतो."
त्याला जाऊनही नऊ वर्षं झाली.

स्तेलानला ती दिसली असणारच.
दिसली, आणि त्याने तिथेच राहू दिली.
त्याच्या सगळ्या आळसातला एवढाच
मी माफ केला.

"भाग मागवते," उल्रिका म्हणाली.
मी म्हटलं, मागव. पण आधी होतं तसंच बसव.
तिने माझ्याकडे पाहिलं. बसवलं.

दुसऱ्या दिवशी स्तेलानला शेजारी बसवलं.
"डावा हात दांड्यावर ठेव. सोडू नकोस."
आणि उतार घेतला.
मी त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली,
यंदाच्या सफरचंदांबद्दल बोलले,
तो दुसऱ्या रांगेत खिडकीशी बसायचा,
आणि तरीही त्याला बस लागायची, त्याबद्दल.
तो हं हं करत होता.
दांडा मागे यायला बघत होता
आणि त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत
सगळी गाडी थरथरत होती.

खाली, बोटींपाशी, मी म्हटलं, आता सोड.
तळहात लाल झाला होता. तो बघत राहिला त्याच्याकडे.
"कधीपासून धरतेस?"
"मिडसमरपासून."
एक समुद्रपक्षी बॉनेटवर उतरला, काही न घेता उडाला.
"भागांचं बिल उल्रिका पाठवेल," मी म्हणाले.
त्याने मान हलवली. मग थोड्या वेळाने,
"ती माशाची चकती... बदलणार होतो मी."
"नशीब माझं."

परतताना सांगितलं त्याला,
चढावर सुटत नाही तिसरा, हात काढ.
त्याने काढला नाही.