बॅटरी रूम

उद्यमबागेत पुढं आमची फौंड्री, मागं ऑफिस,
त्याच्याही मागं बॅटरी रूम.
बॅटऱ्या भंगारात जाऊन वीस वर्षं झाली,
राहिलं ते नाव, आणि एक एक्झॉस्ट पंखा
जो कुण्या वायरमननं उलटा जोडलाय:
बाहेरची हवा आत येते
आणि आतला धूर झरोक्यातून थेट अकाउंट्समध्ये,
शकुंतला करगुप्पीच्या टेबलावर.
ती मान वर न करता बोलते,
"अष्टेकरांनी ब्रँड बदलला. पगार झाला वाटतं."

मी डिस्पॅचला. ओढत नाही.
डॉक्टरनं माझ्या छातीचा फोटो उजेडाला धरला
आणि विचारलं, "फौंड्रीत कामाला, की फौंड्रीच्या धुराड्यात?"
तेव्हापासून खिशात आलेपाक.
तरी अकराला आणि चारला जातो तिथं,
कारण रजा तिथंच मंजूर होते,
कुणाची पोरगी बघायला कोण आलं ते तिथंच कळतं,
टेबलावर नुसती सही होते.

लायटर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलाय
पोस्टातल्या पेनासारखा.
आधीचे तीन गेले.
चोर आमच्यातलाच, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत.

उधारी भिंतीवर, पेन्सिलीनं.
भरमू अष्टेकर मराठी आकड्यांत मांडतो,
बसवण्णेप्पा कन्नड आकड्यांत,
महिनाअखेर हिशोब काही जुळत नाही.
मग हा त्याच्या भाषेत शिव्या देतो, तो ह्याच्या.
त्या मात्र दोघांच्या बिनचूक.

मार्चमध्ये हुबळीहून हिरेमठ मॅडम आल्या, एचआरला.
तिसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी:
धूम्रपान बंद, कन्नडमध्ये, लाल अक्षरात.
अष्टेकर पेटलाच. म्हणजे सिगारेट नंतर,
आधी तो स्वतः.
"आमाला वाचता येईना. मराठीत लावा की!
हक्क हाय आमचा!"
अर्ज दिला, सह्या घेतल्या,
बिचाऱ्या बसवण्णेप्पानंही केली एक, कन्नडमध्ये.

मॅडमनी वाद घातला नाही.
सोमवारी समोरच्या भिंतीवर दुसरी पाटी:
"धुम्रपाण मणाई आहे."
पहिला तास शुद्धलेखनात गेला.
मग अष्टेकरनं सिगारेट काढली, पाटीकडं बघितलं,
परत पाकिटात ठेवली.
"मराठी पाटी हाय बाबा. आपणच मागितली.
मान नको राखायला?"

दोन दिवस त्याचे हात थरथरत होते.
फायली उलट्या लागल्या,
हुबळीचा माल हुक्केरीला गेला, शिव्या मी खाल्ल्या.

गुरुवारी चारला दार ढकललं
तर अष्टेकर कन्नड पाटीखाली, मराठी पाटीला पाठ करून,
झुरका घेऊलाय निवांत.
समोर मराठी पाटीखाली बसवण्णेप्पा,
त्याची पाठ कन्नडला.
"हे मला वाचता येत नाही," अष्टेकर वर बोट दाखवून.
"नंगू बरंगिल्ल री," बसवण्णेप्पा, मलाही येत नाही म्हणून.
लायटरची सुतळी मधोमध ताणलेली,
इकडून तिकडं, तिकडून इकडं.

खानापूरचा कैतान फर्नांडिस खोलीच्या मध्यावर, स्टुलावर.
"आमच्या कोंकणीत पाटी लागली की सोडतो," म्हणाला,
आणि पाय लांब केले.

मला दोन्ही पाट्या वाचता येतात.
शाळा कन्नड, घर मराठी.
म्हणून ह्या खोलीत मला उभं राहायला भिंतच नाही.
दारात थांबून आलेपाक चघळत होतो
तर झरोक्यातून शकुंतलेचा आवाज आला,
"आज दोघांचा ब्रँड एकच आहे.
कोण कुणाची ओढतोय, तेवढं भिंतीवर लिहा."