डावखुरा रंधा

कुरिअरवाल्यानं सही घेतली, मी खोकं फोडलं:
जपानी करवत. रेटायची नाही, ओढायची.
पातं कागदासारखं, दात मोजायला चष्मा लागला.
पहिल्या दिवशी सवयीनं रेटली
तर वाकली,
नको म्हणायला लाजणाऱ्या पाव्हणीसारखी.
आता जमतं.

वसमतला, मोंढ्याच्या मागं दुकान.
हळदीच्या दिवसांत गुण्यावर, कानशीवर, चहाच्या कपावर
पिवळी पूड बसते.
दर साली हत्यारांना हळद लागते,
लग्न काही होत नाही.

वाकस आजाचा, दांडा माझा. बाभळीचा, तिसरा.
गिरमिट भंगारातून, किलोला अठ्ठावीस रुपये.
काट्यावर चढवणाऱ्याला ठाऊक नव्हतं
त्याच्या आट्यांत अजून कुणाचं तरी तेल होतं.
पाच मीटरचा टेप, आणि त्याच्याशेजारी
तसू कोरलेला लाकडी गज.
दोघांचं पटत नाही.
नवं दार असलं की टेप घेतो,
जुनी चौकट सरळ करायची तर गज;
तिला तिच्याच मापात विचारावं लागतं.

आणि खालच्या फळीवर, गोणपाटात,
शिसवी रंधा.
तो आमचा नाही.

बुऱ्हान मिस्त्रीचा आहे.
ॲक्शनच्या साली, भादव्यात,
आजानं एका पाटाची कड मारायला मागून आणला.
दोन दिवसांत देतो म्हणाला.
तिसऱ्या दिवशी गेला तर
दार उघडं, चुलीवर तवा,
अंगणात शेळी ओरडत होती. माणूस कुणी नाही.
शेळी आजानं घरी आणली. ती दीड वर्षानं मेली.
रंधा काही मरत नाही.

आजा त्या दिवसांबद्दल बोलायचा नाही.
एवढंच: "मागून आणल्यालं हत्यार हाय.
गंजू द्यायचं नाही. मालक कवाबी यील."
म्हणून अमावस्येला, काम बंद असतं तेव्हा,
आधी त्याला तेल, मग आमच्यांना.
बापानं पातं दोनदा बदललं.
ठोकळा तोच.

चालवायचा म्हटलं तर अडचण अशी
की बुऱ्हान मिस्त्री डावखुरा.
त्याच्या अंगठ्यानं झिजवलेला खळगा
माझ्या चार बोटांखाली येतो.
हातात घेतला की वाटतं
कुणीतरी आधीच धरलाय.
चाळीस वर्षं मी त्याच्यातून
तिरक्या, एका अंगानं जाड ढलप्या काढल्या,
वर्षातून एकदा, हजेरी लावल्यासारख्या.

गेल्या आठवड्यात वैदेही आली, डिप्लोमाची परीक्षा उरकून.
जेवताना डाव्या हातावर पळी खाऊन मोठी झालेली पोर.
न विचारता गोणपाट सोडलं,
सागाची फळी अडकवली
आणि एक ढलपी काढली,
सलग, हातभर लांब, इतकी पातळ
की तिच्याआडून मला समोरचं मेडिकल दिसलं.

मी फळीच्या गाठीकडं बघत राहिलो.

"पप्पा, हा कुणाचा?"
सांगितलं.
मग ती हिशेब मांडायला बसली.
तेव्हा त्यांचं वय किती असेल, लेकरं असतील तर कुठं,
हैदराबादला, का आणखी पुढं.
फोनवर टाकलं: बुऱ्हान, सुतार, वसमत.
प्लायवुडच्या जाहिराती आल्या,
एक दरवाजा, साडेचार हजारात, बसवून.

संध्याकाळी लाइट गेली. शेजारचं कटिंग मशीन
घशात काही अडकल्यासारखं थांबलं.
"दोनच फळ्या राहिल्यात, मारून टाकू?"
मार म्हणालो.
अंधारात तो सरसर आवाज
चुकत नव्हता कुठं.

"ठेवताना पुसून ठेव गं,
लोकाचं हत्यार आहे."