अकरावा रकाना

ओढ्याशी घोडा अडतो. मी उतरते.
खांद्यावर थंड पेटी, आत बर्फाच्या चार विटा,
अठ्ठावीस कुप्या,
आणि प्रत्येक कुपीच्या अंगावर
वर्तुळात एक चौकोन, उन्हाने हळूहळू काळा पडणारा.
अजून फिका आहे.
चुलीवरचं दूध बघावं तशी मी तो बघत आलेय
नारीनपासून इथवर.

वर कुरणावर नऊ तंबू.
बुरुलकान घोडीचं दूध काढतेय. मान वर करत नाही.

तीन उन्हाळ्यांमागे
एलामानला गोवराची लस मीच टोचली होती.
आठव्या रात्री अंगाचा तवा झाला,
बुबुळं वर गेली, हातपाय लाकडासारखे ताठ.
पोर छातीशी बांधून ती अंधारात घोड्यावर बसली,
चार तास उतरत राहिली.
खाली पोचेपर्यंत तो शुद्धीवर येऊन
तिचीच वेणी चघळत होता.
डॉक्टरांनी कागदावरून मान न उचलता म्हटलं,
लसीचा काही संबंध नाही. दात येत असतील.

ते एक वाक्य तिच्याआधी वर पोचलं.
मग मी येताना दिसले की
तंबूंच्या दारावरचे नमदे खाली पडायचे,
एकामागून एक.
दुधाने पोळलेली माणसं ती,
ताक फुंकून पिणार नाहीत तर काय.

माझ्याकडे अर्ज होता. अकरा रकाने.
नाव, वय, कुपीचा तुकडी क्रमांक, तारीख, तास, ताप किती.
अकरावा: नातलगांचं म्हणणं.
तिथे सगळेच एक आडवी रेघ मारतात.
मीही मारली होती.

गेल्या उन्हाळ्यात पेटी घरी ठेवून आले.
म्हटलं, बुरुलकान, सांग.
ती बराच वेळ कुमीस घुसळत राहिली.
मग सांगायला लागली ती थांबेना:
चंद्र कुठे होता, घोड्याचा नाल कुठे निखळला,
डॉक्टरांच्या टेबलावर कुठल्या रंगाचा कप होता.
रकाना दोन बोटांचा.
मी कागद उलटला, पाठ भरली,
शेवटी चहाच्या पुड्याचा कागद फाडून त्यावर लिहिलं.
तोही टाचणी लावून राजधानीला पाठवला.

माघारी उत्तर आलं हिवाळ्यात, तीन ओळींचं.
होय, झटका लसीच्या तापानेच आला.
क्वचित एखाद्या मुलाला येतो, मागे काही उरत नाही.
त्या तुकडीत दोष आढळला नाही.

आज तो कागद मी तिच्या हातात देते.
बोट ठेवून वाचते ती, पहिल्या शब्दाशी परत येते.
होय.
“म्हणजे मी खोटं बोलत नव्हते.”
पलीकडे एलामान शिंगरामागे धावतोय,
एका पायात बूट, दुसऱ्यात काही नाही.

मला वाटलं, आता बाही वर होईल.
ती धाकटीला कडेवर घट्ट धरते, आयझिरेक, तेरा महिन्यांची,
आणि विचारते,
“आठव्या रात्री तू कुठे असशील?”

याला माझ्या अर्जात रकाना नाही.
इथे फोन फक्त त्या वरच्या खडकावर लागतो,
तोही वारा पडला तर.
मी म्हणते, इथे.

त्या दिवशी सहा तंबूंतली मुलं रडली.
तीन दारं बंदच राहिली, एकातून कुत्रं भुंकत होतं.
मी त्या दारांची नावंही लिहून घेतली,
पुढच्या खेपेला नुसतं बसायला.

आज आठवी रात्र.
बाहेर घोड्या फुरफुरतात, शेणाच्या गोवऱ्या विझत आल्यात.
काखेतला पारा सदतीस पूर्णांक आठ.
अर्ध्या तासाने पुन्हा बघेन.
बुरुलकान झोपलीय, तोंड उघडं, एक हात पाळण्यावर.
तीन वर्षांची झोप असावी ती.

गुडघ्यावर नवा अर्ज आहे.
दहा रकाने भरलेत.
अकराव्यासाठी
ती उठायची वाट बघते.