वर्ग

डिचोलीच्या दिवाणी कोर्टापासून मामलेदार कचेरीपर्यंत
चालत अकरा मिनिटं.
मध्ये एक सायकल दुरुस्तीचं दुकान,
चणे भाजणारा एक म्हातारा,
आणि खनिजाचे ट्रक जाईपर्यंत
थांबून राहायची जागा.
एका फाईलीसाठी ही वाट
मी सव्वीस वेळा चाललो आहे,
तेरा वेळा जाताना, तेरा वेळा येताना.

वर लिहिलंय :
अनिसेतो मिनेझिस, मुक्काम लिस्बन, मुखत्यारामार्फत,
विरुद्ध सुभद्रा लाडू गावस, राहणार मये.
मागणी : झोपडी पाडून जागा मोकळी करून मिळावी.
तिचं म्हणणं : झोपडी नव्हे, घर.
आणि मी मुंडकार.

न्यायाधीश बाई म्हणाल्या,
मुंडकार आहे की नाही
हे ठरवायचं काम या कोर्टाचं नाही.
मुद्दा काढला, सही केली,
प्रकरण वर्ग केलं मामलेदाराकडे.
मामलेदार म्हणाले, निवडणूक आहे.
मग म्हणाले, पूर आहे.
मग त्यांची बदली झाली.
नव्यांनी पहिलं पान उघडलं तेवढ्यात
कायदा फिरला, सगळे गठ्ठे उलट दिवाणीत,
आणि वर्ष सरायच्या आत
कायदा पुन्हा होता तिथं.

पहिल्यांदा मी तिला सांगितलं, "वर्ग झालं गे."
ती म्हणाली, "हांवें तिसरेंत शाळा सोडली.
आतां खंयच्या वर्गांत घाल्लां म्हाका?"
मी हसलो.
रोजनाम्यात हसणं नोंदवत नाहीत.

पुरावा म्हणून बिस्किटांचा डबा :
घरपट्टीच्या पावत्या, कडा उंदरांनी खाल्लेल्या,
आणि पोर्तुगीज अक्षरातला एक चिटोरा
जो दोन्हीकडे कुणालाच वाचता आला नाही.
पणजीच्या दुभाष्यानं तीनशे रुपये घेऊन सांगितलं :
"पांडू गावसाला, चवथीला, पाच नारळ."
बस्स. खाली थोरल्या भाटकाराची सही.

त्या पाच नारळांवर दोन वकील
चार तारखा बोलले.
पगार असेल तर तो गडी,
मग मुंडकार कसला?
भाडं म्हणावं तर नारळ उलट दिशेनं आलेले.
खुशीनं दिले असतील, सुभद्रा मध्येच म्हणाली,
तर तिला सांगण्यात आलं
की वकिलामार्फत बोलावं.

पाहणीला मी गेलो होतो टेप घेऊन.
चिऱ्याच्या भिंती, न्हाणीपाशी आळूचं रान,
छपरावर भाटकाराच्या फणसाची फांदी.
मुखत्यार टेपचं एक टोक धरून उभा,
दुसरं टोक तिच्या नातवाच्या हाती,
आणि आकडा लिहायच्या आधीच
वरून एक फणस सुटला,
कौल फोडून थेट चुलीपाशी.

झाड त्यांचं. छप्पर हिचं, किंवा नाही.
फणस कोणाचा, यावर मुखत्यारानं तोंड उघडलं,
मग माझ्याकडे पाहून मिटलं.
सुभद्रानं विळीला तेल लावलं.
गरे सगळ्यांनी खाल्ले, पंचांनीसुद्धा.
पंचनाम्यात मी लिहिलं : एक कौल फुटलेलं.

आज सत्ताविसावी खेप.
ट्रकांच्या जागी आम्ही दोघं उभे,
तांबडी धूळ माझ्या सदऱ्यावर, तिच्या चष्म्यावर.
फाईल माझ्या काखेत,
तिच्या पिशवीत अळसांदे, तारखेनंतर बाजारात विकायला.
कुठल्या कोर्टात, हे ती आता विचारत नाही.
गुडघा धरून आधी तीच रस्त्यावर उतरते
आणि येणाऱ्या ट्रकाला हात करून थांबवते,
माझ्यासाठी की कागदांसाठी,
हे ठरवणं
माझ्या अधिकारात येत नाही.