इंगये

सोमवारी श्रुतलेखन असतं.
वर्ग तिसरा, पट सतरा, हजर चौदा;
तिघं मायसोबत कापूस वेचायला.

मी म्हणतो, शाळा.
चौदा पेन्सिली वाकतात
आणि नऊ वह्यांत उमटते शाया.
मी म्हणतो, काळी माती,
सावकाश, जीभ मागे वळवून.
पोरं माझ्या तोंडात पाहतात,
गारुड्याच्या टोपलीत पाहावं तशी,
आणि लिहितात, कायी माती.

पाण्याशी रेवत अडला.
मी म्हटलं, ण. बाणातला ण.
‘बाणात असीन सर.
आमच्या हापशीचं त पानीच हाय, खारं.
दर्यापूरचा टँकर गोड आनते,
थ्याले लिहू का ण?’
वर्ग खदखदला.
खारपाणपट्ट्यात हे कसं खोडायचं?
दिला अर्धा गुण.

तनुष्काची वही मात्र देखणी.
नावातला ष, त्याला बिलगलेला का,
सगळं जागच्या जागी.
पुढे आडनाव: इंगये.
लाल पेन टेकवला आणि थांबलो.
कुणाच्या आडनावाला चूक कसं म्हणावं?
मग केला गोल. बारीकसा.

तिची माय, गुंफाबाई, खिचडी शिजवते.
दुपारी तांदळाचं रजिस्टर घेऊन आली,
सही तीच. गुंफा इंगये.
म्हणाली, ब्यांकेनं कागद वापस केला सर,
आधारवर अल्लग, सहीत अल्लग.
लेकीले शिकवता त मले बी दाखवा
थे वाकडं अक्षर.

फळ्यावर काढला.
एक वाटोळं, दुसरं वाटोळं, खाली शेपूट.
‘चष्मा हाय थो!’ तनुष्का ओरडली,
‘सरायचा चष्मा!’
म्हणून तर डोळ्यात येतो, मी म्हटलं.
पुस्तकात असं काही नाही, तेव्हाच सुचलं.
गुंफाबाईनं पदराला हात पुसले,
खडू उलथन्यासारखा मुठीत धरला.
एक भिंग मोठं आलं, एक फुटाण्याएवढं,
आणि फळ्याच्या कडेला हळदीची तीन बोटं.
ती मी आठवडाभर पुसली नाहीत.

माझी माय मला बाया म्हणायची.
बाळा नाही, बाया.
डी.एड.ला अमरावतीत पोरं हसली तेव्हा
वसतिगृहाच्या मोरीत तोंड धुता धुता
मी घोकलं, नळ, नळ, नळ,
जीभ दुखेस्तोवर.
आता माझ्या मुलाला ळ आपोआप येतो.
त्याला मी कधीच बाया म्हटलं नाही.

गुरुवारी गुंफाबाई पुन्हा ब्यांकेत गेली.
इंगळे लिहिलं, ठसठशीत.
खिडकीतला म्हणाला,
जुन्या सहीशी जुळत नाही.
हे तिनं मला हसत सांगितलं,
पातेलं घासता घासता.
मला हसू आलं नाही.

पुढचा सोमवार.
रात्री झोप नव्हती, घसा बसलेला.
अकरावा शब्द तोंडातून गेला तो असा:
आभाय.
कुणाच्याच लक्षात आलं नाही.
तेरा पेन्सिली चालत राहिल्या.
तनुष्कानं हात वर केला.

‘सर, तुम्ही म्हटलं तसं लिहू,
का बराबर लिहू?’

घंटेला सात मिनिटं होती.