हलकी थाप

मशीनमध्ये आपल्या आवाजांसाठी जागा चौसष्ट एमबी.
ती मी कधी पूर्ण रिकामी बघितली नाही.
लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड उचलला तेव्हाच
आत आधीच्या मालकाची सनई होती,
किंचित उतरलेली, आणि तिच्या मागे कुणीतरी शिंकलेलं.
पहिलं काम, ती पुसली.

मग घाडीगावकरांना बोलावलं.
भांडुपला, मेव्हण्याच्या क्लासमध्ये, रविवारी,
बाकांवर गाद्या उभ्या करून, पंखा बंद.
अनंता घाडीगावकर, ढोलकी.
माइक तयार होता. ते नव्हते.
पुडीवर बोट टेकवून म्हणाले, थांब, चढू दे अजून.
वीस मिनिटं नुसत्या कड्या ओढत बसले.
मग एकेक बोल तीन तीनदा दिला:
जोरात,
मध्यम,
आणि एवढा हलका, की मला श्वास धरावा लागला.
हजार रुपये, दोन चहा. पावती नाही.

रात्री हिशेबाला बसलो.
स्टिरिओचं मोनो केलं, अर्धं वाचलं.
घुमकी विरत जाते ना, तिथे कात्री लावली,
विरायच्या जरा आधी.
तरी पडद्यावर तेच: मेमरी फुल.
आत नाशिक ढोल होता, ताशा होता,
वेसाव्याच्या हळदींसाठी अख्खा ब्रासबँड,
आणि व्हायोलिनांचा एक ताफा,
जो हार घालताना साडेचार सेकंद वाजतो
आणि बारा एमबी खातो.
त्याला हात लावता येत नाही. पैसे त्याचेच मिळतात.

म्हणून घाडीगावकरांचे दोन थर काढले.
जोरकस तेवढा ठेवला.
हलकं हवं असलं की पट्टी हळू दाबायची,
मशीन तीच थाप बारीक करून देतं.
कुणाला कळत नाही.

वेसाव्याच्या एका हळदीत ते पाहुणे म्हणून आले,
नवरीच्या आत्याकडून कसलंसं नातं.
कागदी ताटात वडे, मटण,
आणि स्पीकरपाशी उभे. मान हलत नव्हती.
गाणं संपलं तसे स्टेजवर चढले.
"हा मी ना?"
म्हटलं, हो.
"इतक्या वेळा एकसारखा मी जन्मात वाजलो नाही."
रागावले नव्हते. पट्ट्यांकडे बघत होते.
"जागा किती लागते मला?"
साडेतीन एमबी.
"आणि मघाशी हार घातले तेव्हाचं ते?"
बारा.
"हं."
मग मटणाचा हात पँटला पुसून
एका पट्टीवर बोट ठेवलं, अगदी अलगद.
"ही हळू नाही रे.
जोरातलीच आहे. लांबून ऐकलेली."
आणि खाली उतरले, वडे गार होत होते.

नवरात्रात बोरिवलीचं काम आलं, नऊ रात्री.
नऊ रात्री कुणी हार घालत नाही.
ताफा काढला.
गरब्याचे ढोल आणि मंजिरा मिळून आठ लागले.
चार उरले.

पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्ये होता, रबरबँडात.
हलका थर उघडला. तिसऱ्या बोलाच्या शेवटी
बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारतंय,
आणि त्याच्याही मागे, कान लावला तर,
पुडीवरून बोट उचलल्याचा आवाज.
यावेळी कापलं नाही काही.
साडेतीन. बसला.

गरब्यात ढोलकी लागतच नाही.
तो बोल डावीकडच्या शेवटच्या पट्टीवर ठेवला आहे,
जिथे हात जात नाही.
साउंड चेकला, मंडपवाला खुर्च्या लावत असतो तेव्हा,
एकदा दाबतो.
साउंडवाला विचारतो, काही वाजलं का?

दसऱ्यानंतर लग्नं आहेत.