सहा क्रेट

दसऱ्यानंतरच्या सोमवारी कोर्ट खरवडलं.
चार महिन्यांचं शेवाळ, त्याखाली सिमेंट,
सिमेंटला ती जुनी भेग, फ्री थ्रोच्या रेषेला तिरकी कापत जाणारी.
तौसिफने ब्लीचिंग पावडर टाकली, नेल्सनने खराटा ओढला,
मी हॉस्टेलच्या नळाला पाइप धरून उभा.
मोचेमाडकर सर एरवी बुककीपिंग शिकवतात.
त्यांनी रजिस्टर उघडलं: नावं आठ, हजर सात.
फरक कुठे गेला, म्हणाले.

फरक म्हणजे गिरप.
सहा फूट तीन इंच, आणि मामाच्या ट्रॉलरवर खलाशी.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर गाठला तेव्हा
जाळ्यात अडकलेल्या चिंबोऱ्या सोडवत होता.
वर न बघता म्हणाला,
"वारो सुटलो तर येतलंय."

म्हणून क्रेट.
मासळीचे, निळे, एकावर एक सहा,
म्हणजे जवळजवळ गिरप.
बांगड्याचा वास आधीपासूनच होता, तेवढं सोपं गेलं.
सर शिट्टी मारतात, मी डावीकडून आत शिरतो,
कौस्तुभ कापून पलीकडे, चेंडू क्रेटला.
क्रेट चेंडू परत देतो, जरा रागाने.
क्रेट फाउल करत नाही.
उडीही मारत नाही.

बंदराकडची रिंग खाऱ्या हवेने दोन बोटं झुकलेली.
आम्ही सगळे तिच्यावरच शिकलो,
किंचित उजवीकडे, किंचित जास्त उंच,
आणि गेल्या वर्षी रत्नागिरीला
सरळ रिंगा बघून आमचे हात गोंधळले.
एकोणतीस गुणांनी हरलो.
परतीच्या एसटीत कुणी बोललं नाही.
कणकवलीला सरांनी स्वतःच्या पैशाने कोकम सोडा पाजला,
तेव्हाही नाही.
यंदा त्यांनी गवंड्याकडून लेव्हल आणली,
शिडीवर चढून रिंग सरळ केली.
आता आम्ही घरीही चुकतो.

मागच्या बुधवारी वारा सुटला.
क्रेट एकामागून एक घरंगळत
जांभ्याच्या कुंपणापर्यंत गेले,
आणि पाऊण तासाने गिरप आला, हाताला डिझेल.
त्याने रिंगखाली नुसता हात वर केला
आणि कोर्ट एकदम लहान झालं.
तौसिफ हसत सुटला, उगाचच.
मी मात्र सवयीने दोनदा
त्याच्या छातीवर पास हाणला, क्रेटला हाणतो तसा.
"मी काय क्रेट आसंय रे?"

स्पर्धा सतरा तारखेला.
हल्ली आम्ही फोनवर स्कोअर बघत नाही, वाऱ्याचा अंदाज बघतो.
आकाश निरभ्र. समुद्र शांत.
बंदरावर खुशी आहे, पापलेट लागतंय.
त्यात गिरपच्या बहिणीची नर्सिंगची फी आहे, मला माहीत आहे.
मामाच्या इंजिनाचा हप्ता आहे, तोही.
तरी मी मनातल्या मनात एक वादळ मागतो.
लहानसं, ज्याला कुणी नाव ठेवणार नाही असं.
कौल उडू नये कुणाचं, होडी फुटू नये,
फक्त सोळा ते अठरा.
मग स्वतःचीच लाज वाटते
आणि मी पन्नास फ्री थ्रो मारतो.
एकतीस जातात.

रात्री साडेअकराला वीज गेली, पंखा थांबला.
उकाड्यात पडून ऐकत राहिलो.
सुरूची झाडं गप्प.
बंदराकडून कुणाचं तरी इंजिन, लांब,
अजून लांब.
मग खाली, कोर्टावर,
पोकळ प्लास्टिकचा आवाज.
एकच.

वारा असेल.
किंवा वासावर आलेलं कुत्रं.